व्हिडिओ गेम निर्मितीतील ‘गीक’ प्रतिमा : एक विवेचन

प्रस्तावना :
व्हिडिओ गेम तयार करणारी व्यक्ती म्हटले की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते : चष्मा लावलेला, मितभाषी, रात्र रात्र संगणकासमोर बसणारा तरुण. इंग्रजीत अशा व्यक्तीस ‘गीक’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील जत्रांमध्ये जिवंत कोंबडीची मान दातांनी तोडून दाखविणाऱ्यास हा शब्द लावीत. हेटाळणीचा हा शब्द पुढे संगणकक्षेत्रात अभिमानाचा झाला. ही प्रतिमा वस्तुस्थितीचे केवळ वर्णन करते की वस्तुस्थिती घडविते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रतिमेची जडणघडण :
ही प्रतिमा सर्वस्वी निराधार नाही. १९६२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल व सहकाऱ्यांनी ‘स्पेसवॉर’ हा खेळ हौसेखातर तयार केला. परंतु काहींची हौस ही सर्वांसाठी पात्रतेची अट कशी बनली, हा खरा प्रश्न आहे. १९६६ मध्ये विल्यम कॅनन व डॅलिस पेरी या मानसशास्त्रज्ञांनी १,३७८ प्रोग्रामरांच्या आवडीनिवडींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत स्त्रिया केवळ १८६ होत्या. प्रोग्रामरना कोडी सोडविणे आवडते व माणसांत मिसळणे आवडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशा व्यक्तिमत्त्व-चाचण्या नोकरभरतीत वापरल्या जाऊ लागल्या. ज्या गुणांवरून निवड झाली, तेच गुण निवडलेल्यांत आढळणे स्वाभाविक होते. अशा रीतीने प्रतिमेने स्वतःचाच पुरावा निर्माण केला.

प्रतिमेबाहेरील निर्माते :
वस्तुतः प्रारंभापासून या क्षेत्रात स्त्रियांचे योगदान आहे. रॉबर्टा विल्यम्स यांचा ‘मिस्टरी हाउस’ (१९८०), डोना बेली यांनी एड लॉग यांच्यासह केलेला ‘सेंटिपीड’ (१९८१) आणि कॅरल शॉ यांचा ‘रिव्हर रेड’ (१९८२) ही ठळक उदाहरणे होत. तरीही इंटरनॅशनल गेम डेव्हलपर्स असोसिएशनच्या २००५ च्या पाहणीत स्त्रियांचे प्रमाण केवळ ११.५ टक्के आढळले.

प्रतिमा आणि श्रम :
प्रतिमेचा दुसरा परिणाम आर्थिक आहे. गीक कामावर प्रेम करतो, असे एकदा मानले की जादा तासांचा मोबदला मागणे हे निष्ठेच्या अभावाचे लक्षण ठरते. खेळ पूर्ण होण्यापूर्वीच्या अशा अतिश्रमाच्या काळास या उद्योगात ‘क्रंच’ म्हणतात. २००४ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स’ कंपनीतील एका कर्मचाऱ्याच्या नियोजित वधूने निनावी पत्र प्रसिद्ध केले. सकाळी ९ ते रात्री १०, तेही आठवड्याचे सातही दिवस काम करून घेतले जाते, अशी तिची तक्रार होती. जादा कामाच्या वेतनासंबंधी कर्मचाऱ्यांनी केलेल्या दोन सामूहिक दाव्यांत कंपनीने २००५ व २००६ मध्ये एकूण तीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊन तडजोड केली. मुलाबाळांची अथवा आजारी माणसांची जबाबदारी असणाऱ्यास असे वेळापत्रक पाळणे अशक्यप्राय असते. परिणामी मागे उरतो तो पुन्हा एकटा तरुणच.

समारोप :
सारांश, गीक ही केवळ गमतीची प्रतिमा नाही. कोणी आत यावे आणि आत आलेल्याने किती सोसावे, हे ती ठरविते. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना ‘हा या क्षेत्रातला वाटतो, ही वाटत नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. तेव्हा आपणही एक निवडचाचणीच घेत असतो, याचे भान शिक्षकाने ठेवणे अगत्याचे आहे.