उन्हाला वेळ कमी लागतो

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ अंशांवर गेला, की डांबरी रस्त्याचा काळा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास तापतो. जड वाहतुकीच्या रस्त्यावर तेव्हा चाकांच्या चाकोऱ्या उमटतात. गंमत म्हणजे त्या खोल होतात चौकाजवळ, जिथे ट्रक रेंगाळतात. धावता ट्रक रस्त्याला कमी छळतो, उभा ट्रक जास्त. वजन तेवढंच, मग हे कसं?

बर्फ शून्य अंशाला वितळतो, कारण त्याच्या रेणूंची शिस्तशीर मांडणी एकदम मोडते. डांबरात मोडायला तशी मांडणीच नाही. प्रत्येक रेणू सोलापूरच्याच गड्डा यात्रेच्या गर्दीत सापडल्यासारखा शेजाऱ्यांच्या गराड्यात अडकलेला. उष्णता म्हणजे त्या गर्दीतली चुळबूळ. ती वाढली की फट लवकर सापडते. कुणीकडे सरकायचं, ते वरचं वजन ठरवतं. ट्रक भर्रकन गेला तर रेणूंना फट सापडायच्या आत भार उतरतो आणि डांबर घन पदार्थासारखं पूर्ववत होतं. ट्रक थांबला की त्यांना सवड मिळते.

म्हणजे डांबराच्या बाबतीत ‘किती अंशांना वितळतं?’ हा प्रश्नच चुकीचा. ‘किती वेळ देता?’ असं विचारायला हवं. ऊन ती मुदत भलतीच आखडतं. आपल्याकडे रस्त्यांना सर्रास वापरलं जाणारं ‘व्हीजी-३०’ डांबर ६० अंशांना निदान २४०० पॉइज इतकं चिकट असावं लागतं. १३५ अंशांसाठीची किमान मर्यादा याच्या जवळपास सातशेपट कमी आहे! तापमान वाढलं अवघं ७५ अंशांनी. म्हणूनच खडीत मिसळताना जे डांबर पातळ असतं, तेच गार झाल्यावर ट्रक पेलतं.

आता दुसरं टोक. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये डांबराचाच भाऊबंद असलेला ‘पिच’ तापवून नरसाळ्यात ओतला आणि १९३० मध्ये खालचं तोंड कापलं. हातोड्याने फुटणारा हा पदार्थ, पण तोही थेंबाथेंबाने गळतो. २०१४ पर्यंत फक्त नऊ थेंब! पहिले सात साधारण आठ-नऊ वर्षांच्या अंतराने पडले. मग इमारतीत वातानुकूलन आलं. खोली थोडीशी गार झाली, आणि पुढच्या थेंबाने बारा वर्षं घेतली, त्याच्या पुढच्याने तेरा.