मोठेपणी कळणारी स्वमग्नता

इंग्लंडमध्ये २००७ साली प्रौढांच्या मानसिक आरोग्याची पाहणी झाली. तीत लेस्टर विद्यापीठातले टेरी ब्रुघा आणि त्यांचे सहकारी यांनी घरोघरच्या मोठ्या माणसांत स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, किती आढळते हेही तपासले. प्रमाण निघाले हजारी ९.८. वयानुसार ते घटतही नव्हते; तरुणांत जेवढे, तेवढेच म्हाताऱ्यांत. आणि ज्यांच्यात लक्षणे पक्की ठरली, त्यांच्यापैकी एकालाही याची कल्पना नव्हती.

‘हल्ली जो तो स्वतःला ऑटिस्टिक म्हणवतो’ असे नाक मुरडणाऱ्यांनी ही पाहणी जरूर पाहावी. ही माणसे पूर्वीही होतीच. त्यांना घुमी, एकलकोंडी, तऱ्हेवाईक नाहीतर शिष्ट म्हणत, एवढेच.

मग डॉक्टरांना ती का दिसली नाहीत? मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली बाल्टिमोरमध्ये ज्या ११ स्वमग्न मुलांचे वर्णन केले, त्यांत ८ मुलगे होते. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गर यांनी तपशिलाने मांडलेले चारही मुलगेच. डॉक्टरांची नजर अशा मुलग्यांवर तयार झाली. अभ्यासात हुशार, बोलण्यात तरबेज, पण मधल्या सुट्टीत एकटीच फिरणारी मुलगी त्या नजरेत भरेना. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. त्यांनी १९८१ साली ॲस्पर्गरांचे काम इंग्रजी वाचकांपुढे आणले, तरी अमेरिकी निदानपुस्तिकेत त्या नावाला जागा मिळायला १९९४ उजाडले. १९७० साली जन्मलेला माणूस तोवर नोकरीलाही लागला होता.

२०१३ साली त्याच पुस्तिकेने स्वमग्नतेचे हे सगळे प्रकार एका वर्णपटात आणले. लक्षणे बालपणापासून असायला हवीत, ही अट राहिली. मात्र आजूबाजूच्या अपेक्षा झेपेनाशा होईपर्यंत ती कदाचित पुरती दिसणार नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातील, हेही मान्य झाले. मोठ्या माणसांच्या दृष्टीने साऱ्या पुस्तिकेत याहून मोलाचे काही नसावे.

या युक्त्यांचा अभ्यास लंडनमध्ये लॉरा हल यांनी ९२ ऑटिस्टिक प्रौढांना विचारून केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. चारचौघांत खपून जावे, माणसे जोडता यावीत म्हणून ही मंडळी स्वतःला झाकत होती, आणि त्याची किंमत म्हणजे प्रचंड थकवा. फोन करण्याआधी वाक्ये मनात घोकायची. समोरचा हसला की हसायचे. डोळ्यांत बघवत नाही म्हणून भुवयांकडे बघायचे. हळदीकुंकवात तासभर हसतमुखाने वावरलेली बाई घरी येऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहते, आणि घरचे विचारतात, ‘एवढं काय केलंस गं?’ तिने बायकांच्या गलक्यातून, अत्तराच्या वासातून, टोचणाऱ्या जरीच्या काठातून वाट काढत प्रत्येक वाक्य जुळवलेले असते. इतरांना जे आपोआप जमते, ते ती हिशेब करून करते.

अनेकांना स्वतःचा पत्ता मुलांमुळे लागतो. २०१९ साली पाच देशांतल्या सुमारे २० लाख व्यक्तींच्या नोंदींवरून स्वमग्नतेत अनुवंशाचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास निघाला. त्यामुळे लेकाला तपासायला घेऊन आलेला बाप प्रश्नावली भरता भरता थबकतो, ‘यात काय विशेष? मीही असाच होतो,’ म्हणतो, यात नवल नाही.

आता मोबाइलवरच्या चाचण्यांबद्दल. सगळ्यांत प्रसिद्ध आहे ती केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांची २००१ सालची ५० प्रश्नांची चाचणी. मूळ अभ्यासात ८० टक्के ऑटिस्टिक प्रौढांना ३२ किंवा जास्त गुण मिळाले, इतरांत फक्त २ टक्क्यांना. भरवशाची वाटते ना? जरा गणित करू. वाटेल त्या हजार माणसांना ती दिली, तर त्यांतले १० ऑटिस्टिक धरू. त्यांच्यापैकी ८ जण ३२ किंवा त्याच्या वर जातील. उरलेल्या ९९० चे २ टक्के म्हणजे जवळपास २०. वर गेलेल्या २८ जणांत ऑटिस्टिक ८च! अर्थात चाचणी द्यायला बसणारा माणूस वाटेल तो नसतो. काहीतरी सलते म्हणूनच तो बसतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत शक्यता वाढते. तरीही चाचणी फार तर डॉक्टरकडे जाण्याचे कारण देते. लोकांची धास्ती, एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, मंत्रचळ, लहानपणी सोसलेला जाच यांतूनही तशीच उत्तरे येऊ शकतात. शिवाय या गोष्टी स्वमग्नतेसोबत एकाच माणसात नांदतात, म्हणून ‘हे की ते’ असा प्रश्नही नेहमी बरोबर नसतो.

तज्ज्ञ विचारतात ते थोडे वेगळे. माणसांची भीती नसतानाही, घरात एकटे असताना, ठरलेला क्रम मोडला की कोसळायला होते का? मिक्सरचा आवाज किंवा शर्टाच्या कॉलरचे लेबल असह्य होते का? एखाद्या विषयात बुडालात की जेवणही विसरता का? आणि हे सगळे कधीपासून? या शेवटच्या प्रश्नाला आई हयात असेल तर ती, नाहीतर मोठी भावंडे उत्तर देतात. ‘हुशार आहे, पण मिसळत नाही’ असा शेरा असलेले जुने प्रगतिपुस्तकही उपयोगी पडते.

भारतात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे. ती मोजायला ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी त्याच वर्षी अधिसूचित झाली. वर्तन किती वेळा दिसते यावर प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण, आणि एकूण ७० पासून पुढे स्वमग्नता. पहिलाच मुद्दा नजरेला नजर न देण्याचा आहे. भुवयांकडे बघायला शिकून वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला तिथे १ गुण मिळायचा, आणि त्या वीस वर्षांच्या थकव्यासाठी श्रेणीत रकानाच नाही.