घरगुती कॉफी-बस्ती : समज आणि वस्तुस्थिती

एखाद्या कुटुंबात कर्करोगाचे निदान झाले म्हणजे प्रत्यक्ष उपचारांस प्रारंभ होण्यापूर्वीच सल्ल्यांचा ओघ सुरू होतो. कोणी गव्हांकुरांचा रस सुचवितो, कोणी मीठ-साखर वर्ज्य करावयास सांगतो, तर परदेशी राहणारा एखादा आप्त कॉफीचा एनिमा घेण्याचा आग्रह धरतो. हा शेवटचा सल्ला प्रथम ऐकणारास विचित्र वाटला, तरी तो अंमलात आणण्यास फारच सोपा असतो. कॉफी स्वयंपाकघरात असते, एनिमाचे भांडे व रबरी नळी औषधांच्या दुकानात मिळते आणि खर्च नगण्य असतो. रुग्णालयाच्या फेऱ्यांनी थकलेल्या घराला आपल्या हातून काही तरी घडते आहे, हे समाधानही त्यातून लाभते. म्हणूनच या प्रकाराची हेटाळणी करून भागत नाही. तो कोठून आला, शरीरात प्रत्यक्ष काय करतो व कोणते धोके ओढवून घेतो, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

या पद्धतीत पाण्यात उकळून, गाळून, कोमट केलेली कॉफी गुदद्वारावाटे मोठ्या आतड्यात सोडतात आणि ती काही मिनिटे आत धरून ठेवून मग शौचास जातात. प्रत्येक वेळी सुमारे एक लिटर द्रव वापरला जातो. कर्करोगाच्या रुग्णांना ही क्रिया दिवसातून चार-पाच वेळा, आणि तीही महिनोन्‌महिने करावयास सांगण्यात येते. हे प्रमाण ध्यानात ठेवावे, कारण पुढील विवेचन बव्हंशी त्यावरच अवलंबून आहे.

कॉफीचा एनिमा हा मुळात कर्करोगावरील उपाय नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी पाश्चात्य रुग्णालयांत मूर्च्छा किंवा आघात यांमुळे खंगलेल्या, तोंडाने काही घेऊ न शकणाऱ्या रुग्णास उत्तेजक म्हणून तो देत असत. शिरेवाटे औषध देण्याची सोय सर्वत्र झाल्यावर त्याची गरज सरली. त्याला नवे आयुष्य दिले ते डॉ. मॅक्स गेर्सन (१८८१–१९५९) यांनी. हे जर्मन ज्यू वैद्य प्रथम अर्धशिशी व त्वचेचा क्षय यांवरील आहारोपचारांसाठी प्रसिद्धीस आले. हिटलर सत्तेवर आल्यानंतर त्यांनी जर्मनी सोडली व १९३६ साली ते अमेरिकेत गेले. कर्करोग हा शरीरात साचलेल्या विषांचा परिणाम आहे, असे त्यांचे मत होते. दिवसाकाठी तेरा पेले ताजा रस, मीठविरहित आहार, पोटॅशियमचे क्षार आणि कॉफीचे एनिमा, ही त्यांची उपचारपद्धती. १९४६ साली अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीपुढे त्यांनी आपले रुग्ण सादर केले व १९५८ साली पन्नास रुग्णांचे वृत्तांत देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९४७ साली दहा रुग्णांची व १९५९ साली या पन्नास रुग्णांची कागदपत्रे पाहिली. त्यांवरून उपचाराचा गुण सिद्ध होतो, असे तिला आढळले नाही. गेर्सन यांच्या पश्चात त्यांच्या कन्या शार्लोट यांनी १९७७ साली कॅलिफोर्नियात संस्था काढली. उपचार मात्र सीमेपलीकडे, मेक्सिकोतील तिहुआना येथे चालत. गेर्सन हे लबाड गृहस्थ होते, असे म्हणण्याचे कारण नाही. आपल्या निष्कर्षांची कठोर पारख करण्याची तयारी त्यांच्या ठिकाणी कमी पडली, एवढेच.

ते ज्या काळात शिकले, त्या काळात आतड्यात साचलेला मळ रक्तात विष पसरवितो, ही कल्पना मोठमोठ्या वैद्यांसही मान्य होती. लंडनचे नामांकित शल्यविशारद सर आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच कापून काढीत! पुढे अमेरिकेतील डॉ. वॉल्टर अल्वारेझ यांनी १९१९ साली दाखवून दिले की, डोके दुखणे, सुस्ती, जिभेवरील कीट ही लक्षणे शौच होताच काही मिनिटांत नाहीशी होतात. रक्तात खरोखरच विष भिनले असते, तर ते इतक्या त्वरेने उतरले नसते. तुडुंब भरलेल्या गुदाशयाचा ताणच या लक्षणांच्या मुळाशी असतो. पाश्चात्य वैद्यकाने ती कल्पना तेव्हाच सोडून दिली. लोकमानसात ती अद्याप ठाण मांडून आहे.

मोठे आतडे म्हणजे निव्वळ मोरी नव्हे. अन्न, पेये व पाचक रस मिळून दिवसाकाठी आठ-नऊ लिटर द्रव आतड्यांत येतो. त्यातील बहुतेक लहान आतड्यातच शोषला जातो, लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि शौचावाटे अवघे शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी बाहेर पडते. पाणी व सोडियम रक्तात परत घेणे व पोटॅशियम काही अंशी बाहेर टाकणे, हे मोठ्या आतड्याचे नित्याचे काम. त्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होत असते. त्यामुळे वर्षानुवर्षे चिकटून बसलेला मळ ही गोष्ट दुर्बिणीने आतडे तपासणाऱ्या वैद्यांच्या दृष्टीस पडत नाही. एनिमानंतर जे पांढुरके, दोरीसारखे पदार्थ दिसतात व ज्यांना ‘जुना मळ’ म्हणून दाखविण्यात येते, ते बहुधा डिवचलेल्या अस्तराने सोडलेले श्लेष्म असते.

कॉफीचे पुरस्कर्ते यापुढे जाऊन सांगतात की, कॅफीन गुदाशयातील शिरांवाटे यकृतात पोहोचते, पित्तनलिका रुंदावते आणि यकृतातील विषे पित्ताबरोबर वाहून जातात. यातील पहिला दुवा अगदीच निराधार नाही. गुदाशयाच्या वरच्या भागातील रक्त खरोखरच यकृताकडे जाते. खालच्या भागातील मात्र यकृताला वळसा घालून सरळ हृदयाकडे जाते. परंतु पुढचे दुवे जुळत नाहीत. पित्त अधिक वाहिले, तरी त्यातील पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बव्हंशी पुन्हा शोषले जातात. यकृतातील विषनाशक घटक वाढतात, असा जो हवाला देण्यात येतो, तो उंदरांना कॉफीतील द्रव्ये तोंडावाटे खाऊ घालून केलेल्या प्रयोगांचा आहे. थायलंडमधील संशोधकांनी निरोगी पुरुषांवर केलेले दोन लहान प्रयोग २०१२ व २०१३ साली प्रसिद्ध झाले. कॉफीच्या एनिमाने रक्तातील अशा घटकांत लाभदायक फरक पडला नाही. इतकेच नव्हे, तर एनिमाने शरीरास मिळणारे कॅफीन कॉफी प्याल्याने मिळणाऱ्या कॅफीनच्या सुमारे एक-तृतीयांशाहूनही कमी होते. सकाळी पाहुण्यांबरोबर पेलाभर कॉफी पिणारा मनुष्य यकृताकडे अधिकच कॅफीन पाठवितो. त्याला कोणी उपचार म्हणत नाही.

मग काहींना बरे वाटते ते कशाने? पोट रिकामे होते, थोडे कॅफीन मिळते, अर्धा तास निवांत पडून राहावयास सापडते आणि घरचे माणूस जवळ बसलेले असते. नित्य कॉफीची सवय झालेल्यास ती न मिळाल्यास डोके दुखते व एनिमाने ते थांबते. तेवढ्यावरून ‘विष उतरले’ असा निष्कर्ष काढला जातो.

आता धोक्यांविषयी, याविषयी किंचित विस्ताराने लिहिणे भाग आहे. आतड्यात सोडलेले पाणी सगळेच्या सगळे परत येते, असा सर्वसाधारण समज आहे. तसे होत नाही. मीठ नसलेले पाणी आत राहिले की, त्यातील काही शोषले जाऊन रक्त पातळ होते, तर रक्तातील सोडियम व पोटॅशियम आतड्यातील पाण्यात उतरून शौचावाटे निघून जातात. एखाद्या वेळी ही उणीव मूत्रपिंडे भरून काढतात. दिवसातून पाच वेळा आणि त्यातही मीठ वर्ज्य केलेल्या, जेमतेम खाणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ती भरून निघत नाही. रक्तात दर लिटरमागे सोडियमचे प्रमाण १३५ ते १४५ व पोटॅशियमचे सुमारे ३.५ ते ५ एकक असावे लागते. सोडियम बरेच खाली आले की मेंदूस सूज येऊन गुंगी, आचके व बेशुद्धी येते. पोटॅशियम घटले की हृदयाची लय बिघडते. अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात १९८० साली कॉफीच्या एनिमांशी निगडित दोन स्त्रियांच्या मृत्यूंची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतील एकीने एका रात्रीत दहा-बारा एनिमा घेतले होते. तिहुआना येथे अशा प्रकारचे उपचार घेऊन परतलेल्या व १९७९ ते १९८१ या काळात सान दिएगोच्या रुग्णालयांत जंतुसंसर्गाने दाखल झालेल्या रुग्णांपैकी पाच जण सोडियम घटल्याने बेशुद्धावस्थेत होते. तो जंतुसंसर्ग कच्च्या यकृताच्या अर्कातून झाला असावा, असा संशय होता.

दुसरा धोका भाजण्याचा. गुदाशयाच्या वरच्या भागास जिभेप्रमाणे उष्णतेची तीव्र जाणीव नसते. हाताला ‘थोडी गरम’ वाटणारी कॉफीही आत भाजून काढते, आणि रुग्णाला त्याची वार्ता लागते ती पोटात कळा येऊन रक्त पडू लागल्यावर. अशा दाहाचे वृत्तांत कोरिया व अन्य देशांतून आले आहेत. घाईने किंवा जोराने घातलेल्या नळीने आतड्यास भोक पडण्याचाही संभव असतो.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. कोलोरॅडो राज्यातील एका केंद्रात १९७८ ते १९८० या काळात उपचार घेतलेल्या किमान ३६ जणांना अमीबाजन्य आमांश झाला. यांतील बहुतेकांचे आतडे तेथील यंत्राने धुतले होते. दहा जणांचे मोठे आतडे काढावे लागले व सहा जण दगावले. यंत्र नेहमीप्रमाणे साफ केल्यानंतरही त्यात मळातील जंतू सापडले. तेथे कॉफी नव्हती, परंतु नळी होती. आणि घरातील नळी नेमकी किती निर्जंतुक असते, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आपल्याकडे या प्रकाराला ‘हे तर आपल्या आयुर्वेदातलेच’ असे समर्थन मिळते. आयुर्वेदातील बस्ती ही प्राचीन चिकित्सा आहे, व चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात तिचा सविस्तर विचार आहे. परंतु तेथे काढ्याची निरूहबस्ती व स्नेहाची अनुवासनबस्ती असे भेद आहेत, द्रव्यांत सैंधवाचा समावेश आहे, आणि बस्ती कोणास देऊ नये याची लांबलचक यादीही आहे. कॉफीचे तेथे नावही नाही. गांधीजींच्या प्रेरणेने १९४६ साली उरुळीकांचन येथे सुरू झालेल्या निसर्गोपचारात एनिमाला स्थान होते. पण त्याचा व गेर्सन यांच्या पद्धतीचा काही संबंध नाही. बद्धकोष्ठासाठी वैद्याच्या सांगण्यावरून क्वचित घेतलेला एनिमा ही सर्वस्वी निराळी बाब आहे.

सर्वांत मोठी हानी मात्र आतड्याची नसून काळाची होते. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर पाचक द्रव्ये, विशेष आहार व कॉफीचे एनिमा देणाऱ्या न्यूयॉर्कमधील एका पद्धतीविषयी १९९९ साली अकरा रुग्णांची आशादायक माहिती प्रसिद्ध झाली. त्यावरून सरकारी साहाय्याने रीतसर तुलना करण्यात आली. रुग्णांनी आपला उपचार स्वतः निवडला. ३२ जणांनी ही पद्धत व २३ जणांनी रसायनोपचार घेतला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटातील रुग्णांचे मध्यमान आयुष्य ४.३ महिने, तर दुसऱ्या गटाचे १४ महिने भरले, आणि वेदना व एकंदर प्रकृती यांतही दुसरा गट सरस ठरला. चिठ्ठ्या टाकून वाटणी न झाल्यामुळे या तुलनेला मर्यादा आहेत. परंतु इतकी तफावत केवळ योगायोगाची मानणे कठीण आहे. असाध्य म्हटलेल्या रोगातही दहा महिने म्हणजे एखाद्या घराचा एक दसरा, एक दिवाळी व एक पाडवा असतो.

रसायनोपचार चालू असता पांढऱ्या पेशी व रक्तबिंबिका घटलेल्या असतात. अशा वेळी गुदद्वारावाटे कोणतीही नळी घालणे जंतुसंसर्गास व रक्तस्रावास आमंत्रण होय. मूत्रपिंड, हृदय किंवा यकृत यांचे विकार असलेले, मूत्रल गोळ्या घेणारे, आतड्याची शस्त्रक्रिया झालेले, गर्भवती स्त्रिया व बालके यांच्या बाबतीत हा प्रयोग मुळीच करू नये. आरोग्यसेवकांनी गृहभेटीत ‘औषधे वेळेवर घेता ना?’ एवढेच न विचारता ‘घरी आणखी काय चालले आहे?’ हेही विचारावे, आणि उत्तर ऐकून रागावू नये. एकदा रागावलेल्या सेवकास पुढच्या खेपेस खरे सांगितले जात नाही.

एनिमा घेणाऱ्या रुग्णास गुंगी, बरळणे, सतत उलट्या, हातपाय गळून जाणे, छातीत धडधड, आचके, पोट ताठरणे किंवा शौचावाटे रक्त यांपैकी काहीही दिसून आल्यास पाणी किंवा सरबत पाजीत न बसता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. एनिमा किती दिवस चालू होते, दिवसातून किती वेळा, प्रत्येक वेळी किती द्रव व शेवटचा केव्हा, हे कागदावर लिहून बरोबर द्यावे. सोडियम किती सावकाश भरून काढावयाचे, हे वैद्यांना त्यावरूनही ठरवावे लागते.