‘आणि’शिवाय चालतं, पण बोलणाऱ्यांशिवाय?

चँडलर, ॲरिझोना! इंटेलच्या अवाढव्य चिप फॅक्टऱ्या, रणरणतं ऊन आणि चक्क शहामृगांच्या नावाचा फेस्टिव्हल! पण या शहराच्या वेशीवरच भाषांचा खजिना आहे, माहीत आहे का? चला, झटपट राउंड मारू!

नाव मोठं, बोलणारे मोजके
चँडलर येतं मॅरिकोपा काउंटीत. २०२० च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या ४४ लाखांवर, म्हणजे देशातल्या काउंटींमध्ये चौथा नंबर! आणि जिच्यावरून हे नाव आलं, त्या मॅरिकोपा ऊर्फ पीपाश जमातीची भाषा बोलणारे? जेमतेम शंभर, किंवा त्याहूनही कमी.

एक अंगण, दोन घराणी
शहराला लागूनच हिला रिव्हर इंडियन कम्युनिटी आहे, १८५९ पासूनची. तिथे पीपाश आणि आकिमेल ओओधम या दोन जमाती एकत्र नांदतात. भाषांची कुळं मात्र वेगळी! ओओधमचं नातं थेट ॲझ्टेकांच्या भाषेशी, तर पीपाशचं कोलोरॅडो नदीकाठच्या मोहावेशी.

‘आणि’ला सुट्टी!
पीपाशमध्ये ‘आणि’साठी शब्दच नाही, माहीत आहे का? भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड गिल यांनी १९९१ मध्ये यावर निबंध लिहिला आणि शीर्षकातच ॲरिस्टॉटलला ॲरिझोनात धाडलं! दोघं येणार असतील तर नावं शेजारी-शेजारी ठेवायची, क्रियापद अनेकवचनी करायचं. काम फत्ते! आपले ‘आईबाबा आले’ असेच तर येतात.

कर्ता कोण? शेपटीला विचारा!
मराठीत ‘जेवून निघाला’ म्हटलं की जेवणारा आणि निघणारा एकच. पीपाश याच्याही एक पाऊल पुढे! क्रियापदाला ‘क’ लागला तर पुढच्या क्रियापदाचा कर्ता तोच, ‘म’ लागला तर बदलला. कन्फ्युजनला नो एंट्री!

ॲप जोरात, भाषा कोमात
बोलणारे मोजकेच उरलेली भाषा काही एकटी पीपाश नाही. ‘बुसू’ हे लँग्वेज ॲप माहीत आहे का? त्याचं नाव कॅमेरूनमधल्या एका बँटॉइड भाषेचं. २००५ मध्ये ती बोलणारे होते फक्त ३!

आपल्याकडेही आहे हं!
बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागात निहाली बोलतात. बोलणारे दोन-अडीच हजार, आणि जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही!

गुड न्यूज
फिनिक्सजवळच्या सॉल्ट रिव्हर कम्युनिटीत ओओधम आणि पीपाश शिकवण्याचा खास उपक्रम चालतो. भाषा टिकते ती तोंडी असली तरच. चँडलरला कुणी नातलग असेल तर आजच फोन करा, शेजारच्या या भाषांबद्दल सांगा. अर्थात, मराठीतून!