कोयनेची भेग आणि संगणकाचे गणित

धरणाचे महत्त्व करकंबकरांना सांगावयास नको. भीमेवरील उजनीच्या पाण्याने पंढरपूर तालुक्याची शेती बदलली. पण एवढे पाणी अडविणारी भिंत बळकट आहे, हे अभियंता कशावरून ठरवितो? हा प्रश्न तज्ज्ञांइतकाच आपलाही आहे. त्याचे उत्तर आम्ही कोयनेच्या उदाहरणावरून देऊ इच्छितो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. माणसे दगावली, घरे पडली. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले खरे. परंतु त्याच्या उंच भागांना वरच्या अंगास आडव्या भेगा पडल्या. मूळ हिशेबात भूकंपाचे आडवे बल वजनाच्या ५ टक्के, आणि तेही पायथ्यापासून माथ्यापर्यंत सारखेच, धरले होते. त्या हिशेबाने तेथे भेग पडावयास नको होती. मग ती पडली का?

हे कोडे उलगडण्यास ‘सान्त घटक पद्धती’ कामी आली. संपूर्ण भिंतीचे वागणे एका सूत्रात बसत नाही. लहान तुकड्याचे मात्र बसते. म्हणून भिंतीचे चित्र त्रिकोणी-चौकोनी तुकड्यांत विभागावयाचे. हे तुकडे कोपऱ्यांशी जोडलेले, आणि प्रत्येक कोपऱ्यावर सर्व बलांचा मेळ बसलाच पाहिजे. यातून समीकरणांची रास उभी राहते. ती संगणक सोडवितो. कोपरे किती सरकले यावरून तुकड्यांतील ताण कळतो.

अनिल चोप्रा व पी. चक्रबर्ती यांनी १९७३ साली या रीतीने कोयनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाऱ्यात बांबूचे बूड थोडे व शेंडा फार हलतो, तसेच धरणाचेही होते. शिवाय मागील बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो, तेथे ताण एकवटतो. गणिताने दाखविलेली जागा भेगांच्या जागेशी जुळली. उंच भागांना पुढे मागून काँक्रीटचे टेकू देण्यात आले. आज ‘ॲबॅकस’सारख्या संगणक-प्रणालींची पारख करण्यासाठी हेच उदाहरण वापरले जाते.

पायाचेही असेच. भिंतीखालची जमीनही तुकड्यांत विभागून हिशेबात घेता येते. परंतु आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली खडक आहे असे संगणकास सांगितले, तर तो खडकाचेच उत्तर देईल, आणि तेही सुबक रंगीत चित्रासह! चुकीच्या माहितीवरचे गणित बिनचूक असले, तरी घराला तडा जावयाचा तो जातोच.

तेव्हा शाळेची इमारत असो वा पाण्याची टाकी, अभियंत्याला आपण तीन प्रश्न अवश्य विचारावे: माती तपासली काय? कोणकोणती बले धरली? आलेले उत्तर साध्या हातगणिताने पडताळले काय? जाणता अभियंता या प्रश्नांनी रागावणार नाही. उलट संतोषच पावेल.