बंबावर कोणी चढावे?

आग लागली म्हणजे बंबाची घंटा कधी ऐकू येते, इकडे सर्वांचे कान लागलेले असतात. येणारा जवान कोणत्या वर्णाचा, पुरुष की स्त्री, हा विचार त्या घटकेला कोणाच्या मनात येत नाही. परंतु जवानाला दलात घेताना मात्र हा विचार पिढ्यान्‌पिढ्या होत आला; कधी उघडपणे, तर कधी परीक्षेच्या आडून. उघड अन्याय सर्वांना दिसतो. आडून होणारा ओळखावा लागतो. तो कसा ओळखावा, हे न्यूयॉर्क शहराच्या उदाहरणावरून चांगले समजते.

न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलाने १९७७ साली भरतीची परीक्षा स्त्रियांना प्रथमच खुली केली. दार उघडले खरे, पण पुढच्या शारीरिक चाचणीत एकही स्त्री उत्तीर्ण झाली नाही. तेव्हा कायद्याचे शिक्षण घेतलेल्या ब्रेंडा बर्कमन यांनी न्यायालयात दाद मागितली. स्त्रियांना सवलत द्यावी, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ही चाचणी प्रत्यक्ष कामाशी जुळते, हे दाखवून द्या, एवढाच त्यांचा आग्रह होता. शहराला ते दाखविता आले नाही. १९८२ साली न्यायाधीश चार्ल्स सिफ्टन यांनी ती चाचणी अवैध ठरविली. नवी चाचणी घेण्यात आली आणि त्याच वर्षी चाळीसहून अधिक स्त्रिया दलात दाखल झाल्या.

यावर कोणी म्हणेल, आगीला दयामाया नसते. दुबळा जवान आपल्याबरोबर सोबत्याचाही जीव धोक्यात घालील. ही शंका रास्त आहे, आणि तिला सरळ उत्तर दिले पाहिजे. या कामाला बळ हवेच. प्रश्न इतकाच की, ते कोणत्या प्रकारचे? धूर व उष्णता वर चढतात. जमिनीलगत हवा त्या मानाने निवळ असते. म्हणून धुराने भरलेल्या खोलीत जवान वाकून किंवा रांगत पुढे जातो, आणि बेशुद्ध माणसाला पुष्कळदा खांद्यावर न घेता जमिनीवरून ओढीत बाहेर आणतो. पाठीवरच्या नळकांड्यातील हवा मोजकी असते. ती जपून वापरणे, दम टिकविणे, घाबरून न जाणे, हेही सामर्थ्यच होय. केवळ झटपट जोर मोजणारी चाचणी या गुणांना पारखी राहते, आणि अशा चाचणीने नाकारलेल्यांत एखादा योग्य पुरुषही असू शकतो. माप सैल करणे वेगळे, आणि माप खरे करणे वेगळे.

आत प्रवेश मिळाला म्हणजे सर्व संपले, असेही नाही. बर्कमन यांना १९८३ साली सेवेतून काढण्यात आले. न्यायालयाच्या आदेशाने त्या परत आल्या आणि पुढे कॅप्टनच्या पदापर्यंत चढल्या. साधनांचीही तीच गोष्ट. मोठ्या हातासाठी शिवलेला हातमोजा लहान हातात सरकतो. मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसला नाही, तर फटीतून धूर आत येतो. सर्वांना एकाच मापाचा पोशाख देणे ही समानता दिसते, परंतु तिच्यात न्याय नसतो.

लेखी परीक्षेचाही असाच इतिहास आहे. कृष्णवर्णीय जवानांची व्हल्कन सोसायटी ही संस्था न्यूयॉर्कमध्ये १९४० सालापासून आहे. शहरात कृष्णवर्णीयांची वस्ती सुमारे चतुर्थांश असताना, एकविसाव्या शतकाच्या आरंभी दलात त्यांचे प्रमाण शेकडा तीन-चार इतकेच होते. १९९९ व २००२ च्या लेखी परीक्षा कामाची योग्यता नीट न मोजता या उमेदवारांना मागे सारतात, असा निर्णय २००९ साली झाला. २०१४ मध्ये शहराने सुमारे ९ कोटी ८० लक्ष डॉलर देऊन तो वाद मिटविला.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ सालापासून नागपूरला आहे. तेथे पहिली विद्यार्थिनी, हर्षिनी कान्हेकर, आली ती २००२ साली. नंतर तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या अग्निशमन सेवेत त्यांनी काम केले. शिवाय आपल्यापैकी अनेकांची गावे बहुभाषिक आहेत. आत कोण अडकले आहे, कोणत्या खोलीत, या प्रश्नाचे उत्तर बेळगावात मराठीत येईल, कानडीत येईल, उर्दूतही येईल. ते तत्काळ समजणारा मनुष्य पथकात असणे, हे शिडीइतकेच उपयोगाचे आहे.

म्हणून आपल्या नगरपालिकेने बंबासाठी भरती काढली, तर नागरिकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: या चाचणीतील प्रत्येक कसोटी आगीतल्या कोणत्या कामासाठी आहे? ज्या कसोटीला उत्तर असेल, ती सर्वांना सारखीच कडक असू द्यावी. जिला उत्तर नसेल, तिच्यामुळे आपल्या दारी येऊ शकणारा एखादा उत्तम जवान आपणच परत पाठवीत असतो.