माशाचा पर पुन्हा वाढतो, मग मणक्यातली गादी का नाही?

भाताची लावणी म्हणजे दिवसभर वाकून काम. महाड, पोलादपूर भागात कंबरदुखीची तक्रार त्यामुळे नेहमीची. एमआरआयमध्ये 'गादी झिजली आहे' असे आले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, ती परत भरून येईल का?" याचे उत्तर शास्त्रज्ञ एका छोट्या माशात शोधत आहेत.

पुन्हा वाढणारा पर
झेब्राफिश हा निळ्या पट्ट्यांचा, 3-4 सेंटीमीटर लांबीचा भारतीय मासा. त्याच्या शेपटीच्या पराचा तुकडा कापला, तर तो दोन-तीन आठवड्यांत पुन्हा वाढतो. माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना या माशात जोड सापडते. फरक पडतो तो कोणते जनुक, कुठे आणि केव्हा चालू होते यामुळे. जनुक चालू झाले की त्याची आरएनए प्रत बनते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते.

चालू जनुक कसे ओळखतात?
माशाला भूल देऊन पराचा तुकडा घेतात. त्यातल्या आरएनएपासून डीएनए बनवतात. हवे ते जनुक पीसीआरने वाढवतात. कोविडच्या तपासणीतले हेच तंत्र. मग ते प्लाझ्मिड नावाच्या गोल डीएनएत जोडून जिवाणूंत सोडतात. जिवाणू वाढले की जनुकाच्या प्रतीही वाढतात. याला मॉलिक्युलर क्लोनिंग म्हणतात; यात अख्खा मासा तयार होत नाही. या प्रतींवरून त्या जनुकाच्या आरएनएलाच चिकटणारा प्रोब बनवतात. परात जिथे जनुक चालू असेल, तिथे रंग उमटतो.

पुण्यातले संशोधन
पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने झेब्राफिशच्या मणक्यांतील गादीचा अभ्यास केला. तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. गादीतील पेशींमधून स्रवणारे सीसीएन2ए हे प्रथिन वयस्क माशांच्या झिजलेल्या गादीतही नव्या पेशी वाढवते, असे त्यात दिसले.

तुमच्यासाठी याचा अर्थ
हे निष्कर्ष माशांतले आहेत. त्यावर आधारलेले औषध अजून उपलब्ध नाही. 'गादी नवी करून देतो' अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. गादीच्या बऱ्याच दुखण्यांना व्यायाम, औषधे आणि वाकण्या-उचलण्याच्या योग्य पद्धतीने आराम पडतो. मात्र पायातली ताकद कमी झाली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेभोवती बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.